डावी कळी

सकाळी अंघोळ झाली की देवळात जाऊन दिवा लावायचा, गाभाऱ्याबाहेर बसून एकशे आठ वेळा देवीचं नाव घ्यायचं आणि ते पुरं होईपर्यंत कुणाशी अक्षर बोलायचं नाही, हा माझा नेम. हे गेले त्या वर्षी धरला, त्याला आता एकवीस वर्षं झाली. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी मी पाणंदीतून जाताना कुणी हाक मारत नाही. चुकून कुणी मारलीच तर मी हात जोडते आणि पुढे जाते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या नेमाचा वाटा आहे. तो मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

आमची वाडी रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर, खाडीच्या काठाला. शेजारचं घर माझ्या चुलत जावेचं, गोदावहिनींचं. त्यांना दोन मुलगे. थोरला संदेश मुंबईला नोकरीला, वाडीच्या तिकडच्या मंडळाचा चिटणीस. धाकटा हर्षद मिरकरवाड्याला एका बोटीवर खलाशी. गेल्या आश्विनात अचानक वादळ झालं आणि ती बोट परत आली नाही. सहा जण होते. तिघांना दुसऱ्या बोटीने उचललं. एक जण बुरोंडीला लागला, एक आंजर्ल्याच्या किनाऱ्याला. सहावा हर्षद, तो कुठेच लागला नाही. वाचलेले तिघे घरी येऊन सांगून गेले, लाट आली तेव्हा तो मागच्या बाजूला दोरी आवरत होता, नंतर दिसला नाही.

हर्षदची बायको सानिका. सव्वीस वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर लांज्याकडचं, नर्सिंगचा कोर्स केलेली, बोलायला थोडकी पण नेमकी. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, मार्गशीर्षातले गुरुवार गेले. पौषात कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं की घरच्या सगळ्यांनी मिळून लिहून दिलं, बोटीबरोबर माणूस गेला असं आम्ही मानतो, तर चौकशी होऊन पुढचा कागद निघेल. नाहीतर कायद्याने सात वर्षं वाट बघायची. त्याच आठवड्यात रत्नागिरीतल्या एका दवाखान्यातून तिला कामासाठी फोन आला होता.

त्या संध्याकाळी ती माझ्या पडवीत येऊन बसली. मी वाती वळत होते.

"काकी, मला एकच काय ते कुणीतरी सांगा," ती म्हणाली. "रडायचं की थांबायचं? दोन्ही एकदम नाही होत माझ्याच्याने."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

कौल लावायचं संदेशच्या डोक्यात आलं. मला फोन करून म्हणाला, "काकी, आपण देवीलाच विचारूया. मला काय रजा नाही. आईचा पाय प्लास्टरमध्ये. तुम्ही रोज देवळात असता, तुम्हीच व्हिडिओ काढा नि पाठवा."

"अरे, कौल काय फोनवर बघायचा असतो?"

"आता सगळं फोनवरच बघतात, काकी. लग्नं बघतात, मयतं बघतात. देवीला काय अडचण आहे?"

आमच्याकडची रीत अशी. दादू गुरव फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवतो आणि देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो. देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर हो. डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. कधी क्षणात पडते, कधी अर्धा तास उभं ठेवते. आणि एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही, हा आमच्या देवळाचा दंडक. ज्याचं गाऱ्हाणं तो समोर हात जोडून उभा राहायचा, जे काय व्हायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचं, आणि कौल देवळातच राहायचा. आजवर असंच चालत आलं.

सानिका यायला तयार नव्हती. म्हणाली, "मला नाही बघवणार. मी आईंजवळ बसते. तुम्ही बघा आणि येऊन सांगा. फक्त तुम्हीच सांगा काकी, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

मी हो म्हटलं.

माघातला मंगळवार होता. सकाळचा दिवा लावून झाला, जपाला अजून बसायचं होतं. दादूने आवरायला घेतलं. दादू पंचाहत्तरीचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं. देवीची पूजा तो हातांनीच करतो, कुठे काय आहे ते बोटांना पाठ आहे. गाभाऱ्यात आम्ही दोघंच.

माझा फोन लेकीने दिलेला. आदल्या वर्षी देवळाच्या जांभ्याच्या पायरीवर पडला तेव्हा मागची काच फुटली. तेव्हापासून मागच्या कॅमेऱ्यातून सगळं धुक्यासारखं दिसतं. लेकीशी बोलते ती पुढच्या कॅमेऱ्याने, तो चांगला आहे. म्हणून मी फोन उलटा धरला, स्क्रीन देवीकडे आणि पाठ माझ्याकडे. फोनमध्ये काय उमटतंय ते मला दिसत नव्हतं. मला देवी दिसत होती, आणि तेवढं पुरेसं आहे असं वाटलं.

दादूने गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, तुझ्या वाडीतला हर्षद, गोदाचा झील, दर्यावर गेला तो आला नाय. घरची माणसं तुझ्या पायाशी आलीत. हयात असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. मनात किंतू ठेवू नको." गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणीतरी लागतं. मी मौनात, म्हणून तेही दादूच म्हणाला.

पाच मिनिटं गेली असतील. माझा हात अवघडला होता. देवीच्या डाव्या खांद्यावरची कळी सुटली आणि टप्पकन खाली समईजवळ पडली.

मी फोन बंद केला.

"पडली ना गो? आवाज आला," दादू म्हणाला. "कुठली?"

मी बोलू शकत नव्हते. त्याचा डावा हात माझ्या हातात घेतला आणि दाबला. त्याने हात सोडवून देवीला जोडले. मग म्हणाला, "जा, सांग तिला. हे काम माझं नाय."

देवळात रेंज नाही. शाळेच्या पायरीवर येते. मी तिथवर गेले आणि संदेशला व्हिडिओ पाठवला. खाली दोन शब्द लिहिता आले असते. पण लिहिणं म्हणजेही बोलणंच, आणि जप बाकी होता. खरं सांगायचं तर 'डावी' हा शब्द माझ्या बोटांना नको होता. व्हिडिओत दिसतंय, संदेश मोठा मुलगा आहे, तो बघेल, तो आधी सोसेल, मग मी जाऊन सानिकेला जवळ घेईन, असा विचार केला. परत येऊन जपाला बसले. त्या दिवशी एकेक नाव ओढून काढावं लागत होतं. पाऊण तास गेला.

जप संपवून गोदावहिनींच्या अंगणात पाय ठेवला तर आतून हसण्याचा आवाज. गोदावहिनी खुर्चीत बसून, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, येईल त्याच्या हातावर साखर ठेवत होत्या.

"ये गो मालन, ये! आज देवी तुझ्या हातून पावली. नेम झाला ना? मग बोल की आता तरी!"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सानिका धावत आली आणि माझ्या पाया पडली. ती रडत होती, पण ते रडणं निराळं होतं. "काकी, उजवी!" तिने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. संदेशने तिला पाठवलेला माझाच व्हिडिओ. दादूचा आवाज, समई, देवी. आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी सुटून पडली.

मी तो तीनदा लावायला सांगितला. तीनदाही उजवीच पडली.

दुपारी दादूकडे गेले. "दादू, मी तर डावी बघितली होती."

"हात डावाच दाबलास, ते खरं," तो म्हणाला. "पण सगळी वाडी उजवी बघते आहे. तुझे डोळे साठीला आले, माझे तर गेलेच. फोनला काय मोतीबिंदू होतो?"

मला तेव्हा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. माझे डोळे फसले, देवी नाही, आणि त्या पोरीचं कुंकू शाबूत आहे, असं मनाला सांगितलं आणि देवीपुढे नारळ ठेवला. डोळ्यांचा नंबर वाढला असेल म्हणून नवीन चष्माही केला.

संदेशने व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. कुणी त्याला गाणं लावलं, कुणी 'जागृत देवी' लिहिलं, कुणी सानिकेच्या लग्नातला फोटो शेवटी जोडला. दोन लाख लोकांनी बघितला असं संदेश अभिमानाने सांगे. देवळात कौलासाठी रांग लागू लागली. येणारे एका हाताने हात जोडत आणि दुसऱ्या हातात फोन धरत. दोन हात लागतात हात जोडायला, पण तेवढं कोण बघतो?

कचेरीने सह्यांसाठी दिलेला कागद गोदावहिनींनी फाडून टाकला. दवाखान्याच्या नोकरीला सानिकेने स्वतःच नाही म्हणून कळवलं असतं, त्याआधी गोदावहिनी म्हणाल्या, "नवरा हयात आहे आणि तू गावच्या रोग्यांची ढुंगणं धुवायला जाणार? तो आला तर काय सांगू त्याला?"

मग फोन सुरू झाले. व्हिडिओखाली संदेशने तिचा नंबर दिला होता, कुणाला काही कळलं तर कळवावं म्हणून. कुणी ओख्याहून बोलायचा, कुणी वेरावळहून, तुमचा माणूस इथे बोटीवर दिसला, डोक्याला मार लागलाय, नाव आठवत नाही. एकाने तर तिचेच फोटो मागितले. प्रत्येक फोनला ती उठून उभी राहायची. फोन बसून घेतला तर अपशकुन होईल असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. चैत्रात ती संदेशबरोबर वेरावळला जाऊन आली. तिथे हर्षद नव्हता, सांगणारा माणूसही नव्हता. आली ती अर्धी होऊन. तरी रोज संध्याकाळी देवीपुढे येऊन तो व्हिडिओ लावायची, एकदा, आवाज बंद करून, आणि मग घरी जायची.

मी तिच्याबरोबर बसायचे, आणि बघायचं ते कळीकडेच बघायचे. सगळे कळीकडेच बघत.

मे महिन्यात मुंबईची माणसं आली. एका मंगळवारी मी गाभाऱ्यात देवीची नथ बसवत होते. आमची देवी पाषाणाची, नथ मेणाने चिकटवतात, उन्हाळ्यात मेण मऊ होऊन ती घसरते. ते काम दादू माझ्यावर सोपवतो. जप झालेला होता. बाहेर सभामंडपात एक मुंबईचं कुटुंब बसलं होतं, त्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ चालू होता, दादूचा आवाज घुमत होता. त्यातल्या बाईने आत डोकावून विचारलं, "काकी, हीच ना ती देवी?"

तिने फोन पुढे केला. देवीच्या डाव्या नाकपुडीवर माझं बोट होतं, बोटाखाली गरम मेण आणि नथ. फोनमधल्या देवीची नथ उजव्या नाकपुडीवर होती.

मी पुन्हा बघितलं. कुठल्या बाईची नथ उजवीकडे असते? देवीची तर कधीच नाही. हात तसाच राहिला आणि मेण बोटावर थिजलं.

"काकी, काय झालं?"

"काही नाही. नमस्कार करा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा जप उरकून एसटीने रत्नागिरीला गेले. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात एक तरुण मुलगी बसते. तिला काही न सांगता फोन दिला आणि म्हटलं, पुढच्या कॅमेऱ्याने माझा व्हिडिओ काढ आणि मला दाखव. तिने काढला. त्यात माझा पदर उजव्या खांद्यावर होता.

"आरशासारखं येतं, काकी," ती म्हणाली. "पुढच्या कॅमेऱ्याचं सेटिंगच तसं असतं या फोनला. बदलून देऊ का? दोन सेकंदांचं काम."

"सगळ्यांचंच असं असतं?"

"बऱ्याच जणांचं. कुणाच्या लक्षातही येत नाही. एवढं निरखून कोण बघतंय?"

तिने सेटिंग बदलून दिलं. खरंच, दोन सेकंद लागले.

वाडीत आले तेव्हा शेजारी सानिका बॅग भरत होती. ओख्याहून पुन्हा कुणाचा तरी फोन आला होता. या वेळी तो माणूस म्हणाला होता, एकटीच या, गर्दी बघून मालक घाबरेल. संदेशला सुट्टी नव्हती. उद्या सकाळची गाडी. गोदावहिनी देवघरात तिच्यासाठी अंगारा बांधत होत्या.

मी तिला हाताला धरून, बॅगेसकट माझ्या पडवीत आणलं. फोन तिच्यापुढे ठेवला. आधी व्हिडिओ लावला.

"कळी नको बघू. नथ बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं. मग मी दुकानातला माझा व्हिडिओ दाखवला, उजव्या खांद्यावरचा पदर. बाकी काही सांगावं लागलं नाही. ती हुशार मुलगी.

"त्या दिवशी देवळात तुम्हाला काय दिसलं होतं?"

"डावी."

"तुम्ही स्वतः बघितलीत?"

"हो."

"मग साडेतीन महिने?"

"मला वाटलं, माझेच डोळे..."

"नाही काकी." तिचा आवाज चढला नाही. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला बरं वाटलं. तुम्हाला सांगावं लागणार नव्हतं, म्हणून बरं वाटलं. मी तुम्हालाच सांगायला सांगितलं होतं, कारण तुम्ही खोटं बोलत नाही."

मी खोटं बोलले नव्हते. मी काहीच बोलले नव्हते. पण हे उत्तर तिला द्यायची मला लाज वाटली.

उन्हं उतरली. मग तिने बॅग उघडली, आतले कपडे एकेक करून बाहेर काढले आणि घड्या घालून माझ्याच पलंगावर ठेवले. त्यानंतर रडली. हर्षदसाठीचं तिचं ते पहिलं रडणं. सात महिन्यांचं अंगात साचलेलं. माझा हात तिने झटकला नाही, धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सानिकेने गोदावहिनींना सांगितलं. कचेरीत लिहून द्यायचं आणि दवाखान्यात विचारून बघायचं म्हणाली. मी दारातच उभी होते.

"माझा पोरगा जिवंत आहे," गोदावहिनी म्हणाल्या. "देवीने सांगितलंय. दोन लाख लोकांनी बघितलंय. आणि तुला त्याचं मरण लिहून द्यायची घाई? कुणी भेटलाय काय तुला?"

"वहिनी, तिला बोलू नका," मी म्हटलं. "चूक माझी आहे. फोन उलटा..."

"तू गप्प राहा मालन! गप्प राहायची सवय आहे ना तुला? मग राहा गप्प!"

शनिवारी संदेश आला. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. वाडीतली माणसं, मुंबईची माणसं, सगळ्यांच्या हातात फोन. मला इतक्या जणांपुढे बोलायची सवय नाही. तरी उभी राहिले, आणि नथ, पदर, पुढचा कॅमेरा, सगळं सांगितलं. फोन फिरवून दाखवला. पुढच्या दोघा-चौघांनी बघितलं, मान हलवली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई म्हणते ते बरोबर असेल." पण मागच्यांना ऐकूच गेलं नसावं.

संदेश शांतपणे बोलला. तो वाईट मुलगा नाही. "काकी, नथ काय, मेणाची. इकडची तिकडे झाली असेल. तुम्हीच म्हणता, घसरते. दोन लाख लोकांचे डोळे एकीकडे आणि तुमचे एकटीचे एकीकडे. शिवाय हे आता देवस्थानचं आहे. देवीचा कौल खोटा असं बाहेर गेलं तर बदनामी आहे, त्याला कायदा आहे. सायबरला तक्रार होऊ शकते. तुम्हाला या वयात कोर्टकचेरी हवी आहे का?"

"कौल खरा आहे, संदेश. तोच सांगते आहे मी. देवीने डावी दिली. फोनने उजवी केली."

"दादूला विचारा," कुणीतरी म्हणालं.

दादूला हाताला धरून आणलं. तो गाभाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. "मला दिसत नाय," म्हणाला. "कळी पडल्याचा आवाज ऐकला. हिनं माझा हात दाबला. ही बोलली नाय, हिचा नेम होता."

"कुठला हात?"

दादूने दोन्ही हात पुढे धरले, उलटसुलट केले, जसे ते दुसऱ्याच कुणाचे होते. कौलाच्या रांगेमुळे त्याच्या घरात बरकत आली होती हे खरं. पण त्यासाठी तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती.

"नाय आठवत," तो म्हणाला.

"मग पुन्हा लावा कौल," मुंबईचा एक मुलगा म्हणाला. "चांगल्या फोनने काढूया. माझ्याकडे आहे."

त्यावर मात्र सगळी बैठक एक झाली. विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही. दादू, संदेश, गोदावहिनी आणि मीसुद्धा. ती एकच गोष्ट आम्हा सगळ्यांना मान्य होती, आणि त्यात सानिका अडकली.

बैठकीत ती शेवटच्या खांबाशी बसली होती. उठताना तिने मंगळसूत्र काढून गोदावहिनींच्या ओंजळीत ठेवलं. कुणीतरी तेही फोनमध्ये घेतलं. संध्याकाळपर्यंत ते ग्रुपवर होतं. खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. मला ग्रुपमधून काढलं होतं, कुणीतरी मुद्दाम आणून दाखवलं.

सोमवारी मी आणि सानिका कचेरीत गेलो. साहेब सभ्य होते, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. फाइल उघडली. सानिकेचा अर्ज लावला. मी माझं लेखी आणलं होतं, रात्री बसून चांगल्या अक्षरात लिहिलेलं: कळी डावी पडली, मी डोळ्यांनी बघितली. त्यांनी ते वाचलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं.

"आजी, हे मी लावून घेऊ शकत नाही. कौल उजवा असो की डावा, कायद्यापुढे तो पुरावा नाही."

"मग संदेशचा व्हिडिओ?"

"तोही नाही." त्यांनी फाइलमधला एक कागद वर काढला. "पण हा अर्ज आहे. सख्खा भाऊ आणि आई, दोघांच्या सह्या. म्हणतात, आमचा माणूस जिवंत असल्याची आमची खात्री आहे, मृत्यू मानायला आमची हरकत आहे. खात्री कशामुळे, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. घरचेच दोन बाजूंना असतील तर मला पुढे जाता येत नाही. मग सात वर्षांचा नियम. कोर्टात जाऊ शकता, पण तिथेही वेळ लागेल."

"म्हणजे तोपर्यंत मी कोण?" सानिकेने विचारलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कागदावर तुम्ही त्यांची पत्नी. बेपत्ता व्यक्तीची पत्नी."

"आणि दवाखान्यात?"

"नोकरी करायला कुणाची हरकत नाही, बाई."

नोकरीचं आदल्या दिवशीच कळलं होतं. दवाखान्याने फोनवर सांगितलं होतं की जागा भरली. मग सांगणारी बाई जरा घुटमळली आणि म्हणाली, तुमचा तो मंगळसूत्राचा व्हिडिओ फिरतोय ना, इथे पेशंट चर्चा करतील, नको.

आम्ही खाली उतरू लागलो. गोदावहिनींचं दार तिला बंद झालं होतं. लांज्याहून भाऊ संध्याकाळी न्यायला येणार होता, तोही कुरकुरत, कारण तिकडेही सगळ्यांनी बघितलं होतं. जिन्यात कागदपत्रांच्या रांगेत उभी असलेली एक बाई सानिकेकडे बघत राहिली. चेहरा उजळला तिचा. रांग सोडून पुढे आली.

"तुम्ही त्याच ना? कौलातल्या?" तिने सानिकेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोलताना डोळ्यांत पाणी आलं. "माझा मुलगा गेल्या वर्षी घरातून निघून गेला, ताई. पत्ता नाही. तुमचा व्हिडिओ रोज बघते मी. बघितलं की वाटतं, देवी आहे, येईल. तुमचे मिस्टर आले का हो?"

मी तोंड उघडलं. सानिकेने माझ्याकडे बघितलं, आणि तिची नजर मला म्हणाली, आता नको.

"अजून नाही," ती म्हणाली.

"येतील हो. देवीने सांगितलंय ना. येणारच."

"हो," सानिका म्हणाली.

बाईने तिच्या गळ्याकडे बघितलं. रिकामा गळा दिसला असावा, पण काही विचारलं नाही. रांग पुढे सरकली तशी ती धावत आपल्या जागेवर गेली, आणि तिथूनही हात जोडत राहिली, आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत.

स्टँडवर लांज्याच्या फलाटाला आम्ही बसलो. भाऊ आला, त्याने बॅग उचलली. सानिका गाडीत चढली. खिडकीशी बसली. मी खाली उभी राहिले.

"पोचलीस की फोन कर गो," मी म्हटलं.

"नको काकी," ती म्हणाली, आणि गाडी निघेपर्यंत समोर बघत बसली.